ईश्वरावर मतदान

१७ ऑक्टोबर १९४९, सोमवार. दिल्लीत संविधान सभेपुढे त्या दिवशी दोन मोठे विषय होते. एक काश्मीरचा. पुढे ३७० वं कलम म्हणून जे गाजलं, ते ३०६-अ क्रमांकाखाली त्या दिवशी संमत झालं. दुसरा विषय उद्देशिकेचा. ती मुद्दाम शेवटी ठेवलेली होती. आधी संविधान कसं आकाराला येतं ते पाहू, मग त्याला जुळणारी उद्देशिका लावू, असा विचार त्यामागे होता. काश्मीरच्या कलमाचं पुढे काय झालं हे सगळ्या देशाला ठाऊक आहे. उद्देशिकेवरची त्या दिवसाची चर्चा मात्र फारसं कुणी वाचत नाही. मला विचाराल तर आपल्या प्रजासत्ताकाच्या जन्मकथेतली ती सर्वांत मोलाची पानं आहेत. ईश्वराचं नाव संविधानात असावं की नसावं, यावर त्या दिवशी सभेत मतदान झालं आणि ईश्वराची बाजू हरली.

दुरुस्ती मांडली होती हरि विष्णू कामत यांनी. मंगळूरचे कामत तेव्हा ४२ वर्षांचे होते. आयसीएसची नोकरी सोडून ते सुभाषचंद्र बोसांच्या मागे गेले होते, फॉरवर्ड ब्लॉकमध्ये काम केलं होतं आणि सभेत ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी होते. जवळजवळ प्रत्येक कलमावर त्यांची एखादी तरी दुरुस्ती असायचीच. आणीबाणीत नागरिकांना न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित करणारं कलम ऑगस्टमध्ये संमत झालं, तेव्हा आजचा दिवस शरमेचा आणि दुःखाचा आहे, असं भर सभेत सांगणारे हेच कामत. म्हणजे धर्माच्या आडून सत्ता मिळवू पाहणारा हा माणूस नव्हता. मनापासून श्रद्धाळू आणि तितकाच स्वातंत्र्यवादी होता. त्यांचं म्हणणं एवढंच की ‘आम्ही भारताचे लोक’ या शब्दांच्या आधी ‘ईश्वराच्या नावाने’ हे शब्द यावेत. गीतेचा आधार घेऊन ते म्हणाले की आपण जे जे करतो ते ईश्वराला अर्पण करावं, तसं हे संविधानही अर्पण करू या.

हे ऐकून सभेतल्या अनेकांच्या मनात तार छेडली गेली असणार. फाळणी होऊन दोनच वर्षं झाली होती, गांधीजींच्या खुनाला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. इतक्या रक्तपातानंतर एखाद्या श्रद्धाळू माणसाला ईश्वराचं नाव घ्यावंसं वाटलं तर ते समजण्यासारखं होतं. अडचण सुरू झाली ती लगेच पुढे. कोणत्या नावाने?

आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठले. ते कामाख्येच्या मुलुखातले. त्यांनी विचारलं की आम्ही शक्तीचे उपासक. नुसतं देवाचं नाव घेऊन देवीला वगळायचं हे कसं? नाव घ्यायचंच तर देवीचंही घ्या. हा प्रसंग आज अनेकजण गंमत म्हणून सांगतात. मला तो अगदी गंभीर वाटतो, कारण चौधरींनी एका वाक्यात दाखवून दिलं की एकाच धर्माच्या माणसांनाही चालेल असं ईश्वराचं एक नाव सापडणं कठीण आहे. मग साऱ्या देशाची काय कथा. पंडित मदनमोहन मालवीय यांचे चिरंजीव गोविंद मालवीय यांनी ही अडचण ओळखली आणि लांबलचक शब्दयोजना सुचवली: परमेश्वराच्या, विश्वाच्या स्वामीच्या कृपेने, ज्याला जगातले निरनिराळे लोक निरनिराळ्या नावांनी ओळखतात. सगळ्यांना सामावून घेण्याची इच्छा त्यात स्वच्छ दिसते. पण ज्याला कुठलंच नाव घ्यायचं नाही त्याला या वाक्यात जागा नव्हतीच. शिब्बनलाल सक्सेनांनी सर्वशक्तिमान ईश्वराबरोबर महात्मा गांधींचंही नाव उद्देशिकेत घालावं असं सुचवलं. ब्रजेश्वर प्रसादांनी विरोध केला, हे संविधान गांधीवादी नाहीच असं ते म्हणाले. शेवटी आचार्य कृपलानींनी सक्सेनांना दुरुस्ती मागे घेण्याची विनंती केली. जे संविधान कधीही बदललं जाऊ शकतं त्यात बापूंचं नाव गुंतवू नये, हे त्यांचं कारण. सक्सेनांनी ऐकलं.

त्याच चर्चेत मौलाना हसरत मोहानींचीही दुरुस्ती होती. ईश्वराशी तिचा काही संबंध नव्हता. भारत हा समाजवादी प्रजासत्ताकांचा संघ व्हावा, अशी ती होती. हजला पुन्हा पुन्हा जाणारा, कृष्णावर कविता लिहिणारा आणि १९२५ मध्ये कानपूरला भरलेल्या कम्युनिस्ट परिषदेचा स्वागताध्यक्ष झालेला हा शायर. असा माणूस ज्या सभागृहात बसला होता, तिथे ‘धार्मिक’ आणि ‘अधार्मिक’ अशा दोन रांगा लावता येणार नव्हत्या, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचायला हवं.

कामतांच्या दुरुस्तीला विरोध करायला त्रावणकोरचे पट्टम थाणू पिल्ले उभे राहिले. त्यांचा मुद्दा सरळ होता. ईश्वर मानण्याचा हक्क माणसाला आहे तसा न मानण्याचाही आहे. ही दुरुस्ती स्वीकारली तर श्रद्धेची सक्ती होईल. पण त्या दिवशीचं सर्वांत वजनदार भाषण पंडित हृदयनाथ कुंझरूंचं होतं. आपल्या अंतःकरणातल्या सर्वांत पवित्र भावनेचा विषय वादाच्या आखाड्यात आणला गेला याचं त्यांना दुःख झालं होतं. विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा आणि उपासना यांचं स्वातंत्र्य देण्याची हमी हीच उद्देशिका देते. त्याच उद्देशिकेच्या पहिल्या ओळीत आपली सामूहिक श्रद्धा सर्वांवर लादायची, हे परस्परविरोधी आहे, असं त्यांनी सांगितलं. आणि पुढे जाऊन ते म्हणाले की ईश्वराचं नाव घेऊनही आपण इथे संकुचित, सांप्रदायिक वृत्ती दाखवत आहोत, आणि ती संविधानाच्या आत्म्याशी विसंगत आहे.

कुंझरू काश्मिरी पंडित, अलाहाबादचे रहिवासी. पण त्यांची खरी शाळा पुण्यातली. १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीची, आपल्या भारत सेवक समाजाची, स्थापना केली. कुंझरू १९०९ मध्ये तिचे सभासद झाले आणि १९३६ पासून आयुष्याच्या अखेरपर्यंत तिचे अध्यक्ष राहिले. सोसायटीत येणाऱ्या प्रत्येकाला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. त्यांतली एक अशी की मी सर्व भारतीयांना बंधू मानीन आणि जात किंवा पंथ यांचा भेद न करता सर्वांच्या उन्नतीसाठी झटेन. गोखल्यांचा दुसरा आग्रह असा की सार्वजनिक जीवन आध्यात्मिक व्हायला हवं.

मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान देण्याच्या ध्येयाला ज्याने चाळीस वर्षं दिली, तोच माणूस संविधानात ईश्वराचं नाव घालायला विरोध करतो. यात विसंगती नाही. गोखल्यांच्या लेखी आध्यात्मिकता म्हणजे देशसेवेसाठी स्वतःला वाहून घेणं, पैशाचा आणि पदाचा मोह सोडणं, प्रतिपक्षाशी सभ्यतेने वागणं. ती वागण्यात उतरायची, मजकुरात लिहायची नव्हे. महाराष्ट्रातल्या सुधारणावाद्यांच्या एका मोठ्या धारेची हीच शिकवण होती. न्यायमूर्ती रानडे प्रार्थना समाजात मनापासून प्रार्थना करत, पण ती प्रार्थना दुसऱ्यावर लादावी असं त्यांना कधी वाटलं नाही. रानड्यांनी घडवलेले गोखले आणि गोखल्यांनी घडवलेले कुंझरू. ही परंपरा त्या सोमवारी दिल्लीत बोलत होती, आणि महाराष्ट्राला तिची फारशी आठवण नाही याचं मला वाईट वाटतं.

मग तिरुमल राव उठले. तीनशे जणांच्या सभागृहाने भारताला ईश्वर हवा की नको हे मतदानाने ठरवू नये, असं त्यांनी सांगितलं. त्यांचा मुद्दा तर्काच्या दृष्टीने सर्वांत पक्का होता. शपथेत आपण ईश्वराचं नाव ठेवलंच आहे, पण ज्यांचा विश्वास नाही त्यांना तिथे पर्याय आहे. उद्देशिकेत असा पर्याय ठेवता येत नाही. हे बरोबरच होतं. राष्ट्रपतीच्या शपथेवर डिसेंबर १९४८ मध्ये कामतांनी असाच आग्रह धरला होता. तेव्हा महावीर त्यागींसारख्या सभासदांच्या सहभागाने तोडगा निघाला: ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो’, दोन्ही ओळी एकमेकींखाली. आजही मंत्री, आमदार, न्यायाधीश यांतली एक निवडतात. शपथ एकेका माणसाने घ्यायची असते म्हणून निवड शक्य होते. ‘आम्ही भारताचे लोक’ हे मात्र सर्वांनी मिळून एकाच तोंडाने म्हणायचं वाक्य आहे.

अलाहाबादच्याच पूर्णिमा बॅनर्जी, अरुणा असफअलींच्या भगिनी, यांनी कामतांना कळकळीची विनंती केली की ईश्वरावर मत देण्याच्या अवघड प्रसंगात आम्हाला टाकू नका. पूर्णिमाबाई धर्माच्या वैरी नव्हत्या. सरकारी मदत घेणाऱ्या शाळांतून जे धर्मशिक्षण दिलं जाईल ते सर्व धर्मांच्या तुलनात्मक ओळखीच्या स्वरूपाचं असावं, मुलांचं मन त्याने मोठं व्हावं, अशी दुरुस्ती त्यांनी १९४७ च्या ऑगस्टमध्ये मांडली होती. ती मान्य झाली नाही. मला तो तोटा वाटतो.

कामतांनी दुरुस्ती मागे घेतली नाही. अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद होते, स्वतः अतिशय भाविक. हात वर झाले, मोजले गेले. बाजूने ४१, विरुद्ध ६८. सभेची सदस्यसंख्या तेव्हा तीनशेच्या आसपास होती. म्हणजे निम्म्याहून कमी हातांनी हा निकाल दिला. कामत उठून म्हणाले की आपल्या इतिहासातला हा काळा दिवस आहे, देव भारताचं रक्षण करो.

या निकालाचा अर्थ आज दोन्ही बाजूंनी चुकीचा लावला जातो. एक बाजू म्हणते, नास्तिक आणि पाश्चात्त्य विचारांच्या मंडळींनी भाविक देशावर निधर्मीपणा लादला. दुसरी बाजू म्हणते, विवेकाने श्रद्धेचा पराभव केला. दोघांनीही त्या दिवसाचं इतिवृत्त वाचलेलं दिसत नाही. विरोधात बोलणाऱ्यांपैकी कुणी ईश्वर नाकारत नव्हतं. आपली श्रद्धा इतकी आतली आहे की ती बहुमताच्या शिक्क्याने दुसऱ्याच्या तोंडी घालणं त्यांना श्रद्धेचाच अपमान वाटला. सभेत हिंदूंची संख्या प्रचंड होती. त्यांनी मनात आणलं असतं तर कुठलंही नाव सहज संमत झालं असतं. संख्याबळ असूनही त्यांनी हात आवरला. आपल्या धर्मनिरपेक्षतेचा पाया या आवरलेल्या हातात आहे, असं माझं मत आहे.

दुसऱ्या वाटेने काय होतं हे कळायला लांब जावं लागत नव्हतं. सात महिन्यांपूर्वी, १२ मार्च १९४९ रोजी, कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेने आपला उद्दिष्टांचा ठराव संमत केला होता. साऱ्या विश्वाचं सार्वभौमत्व अल्लाचं आहे, या विधानाने तो सुरू होतो. अल्पसंख्याकांना मोकळेपणाने आपला धर्म पाळता येईल असं आश्वासन त्यात आहे, आणि पंतप्रधान लियाकत अली खान यांनी तो मांडताना ते आश्वासन मनापासून दिलं नसेल असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण पूर्व बंगालच्या हिंदू सभासदांना त्यातला धोका दिसला. श्रीशचंद्र चट्टोपाध्याय आणि भूपेंद्रकुमार दत्त यांनी एकेका वाक्यावर दुरुस्त्या मांडल्या. दत्त हे युगांतर गटातले जुने क्रांतिकारक. ते म्हणाले की राजकारण बुद्धीच्या प्रांतातलं आणि धर्म श्रद्धेच्या. दोन्ही मिसळले की राजकारणावर टीका करणं म्हणजे धर्मावर टीका करणं ठरेल. दुरुस्त्या मताला आल्या. बाजूने १०, विरुद्ध २१. मतांची रेघ थेट धर्मावर पडली. दिल्लीत ती तशी पडली नव्हती.

त्या कराचीच्या सभेत कायदामंत्री होते जोगेंद्रनाथ मंडल. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून बाबासाहेब आंबेडकरांना संविधान सभेत येता येईना, तेव्हा बंगालमधून त्यांना निवडून आणण्यासाठी झटले ते हेच मंडल. फाळणीनंतर काही काळ भारताचा आणि पाकिस्तानचा कायदामंत्री असे दोघेही दलित नेते होते, याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. मंडल यांनी नव्या देशावर विश्वास टाकला. ऑक्टोबर १९५० मध्ये पूर्व बंगालमधल्या अल्पसंख्याकांवरच्या, विशेषतः दलितांवरच्या अत्याचारांचा पाढा वाचून त्यांनी राजीनामा दिला आणि ते कोलकात्याला निघून आले.

पुन्हा कामतांकडे येऊ, कारण त्यांची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय त्यांना न्याय मिळणार नाही. ६ डिसेंबर १९४८ रोजी धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर त्यांनी एक दुरुस्ती सुचवली होती: राज्यसंस्था कोणताही विशिष्ट धर्म प्रस्थापित करणार नाही, त्याला देणग्या देणार नाही, त्याला आश्रय देणार नाही, नागरिकांना आध्यात्मिक शिक्षण द्यायला मात्र तिला आडकाठी नसावी. धर्मनिरपेक्ष राज्य म्हणजे ईश्वरहीन किंवा धर्मविरोधी राज्य नव्हे, हेही त्यांनी तेव्हाच स्पष्ट केलं होतं. सभेने ही दुरुस्ती फेटाळली. त्याच सुमारास मुंबईचे अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी राज्याचा कोणत्याही धर्माशी संबंध असणार नाही अशा अर्थाचं स्वतंत्र कलम सुचवलं, तेही पडलं. बिहारचे तजम्मुल हुसेन तर इतके पुढे गेले की ज्यावरून धर्म ओळखू येईल असं नाव, चिन्ह किंवा पोशाख कुणीही वापरू नये, असं म्हणाले. उलट टोकाला ओडिशाचे लोकनाथ मिश्र होते. धर्मप्रसाराचा हक्क म्हणजे हिंदूंच्या गुलामगिरीची सनद आहे, असं त्यांना वाटत होतं. त्यावर टी. टी. कृष्णम्माचारींनी सांगितलं की मी चौदा वर्षं ख्रिस्ती संस्थांतून शिकलो, मला बाटवण्याचा प्रयत्न कुणी केला नाही. ‘प्रसार’ हा शब्द राहिला.

शहा आणि कामत यांना राज्य आणि धर्म यांच्यात हवी असलेली भिंत सभेने का नाकारली? याचं एक उत्तर आपल्या मुलखात आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला आणि दरवाजे उघडले नाहीत. १९३५ च्या ऑक्टोबरमध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. १९४७ मध्ये साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मग १ ते १० मे पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण केलं, विठ्ठलाच्या दारात अस्पृश्यांना जाता यावं म्हणून. ज्या देशात देवळाचं दार हाच अन्यायाचा उंबरठा होता, तिथे राज्याने ‘धर्माशी माझा संबंध नाही’ असं म्हणून अंग काढून घेणं म्हणजे बडव्यांची, देवळाच्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांची, बाजू घेणं झालं असतं. म्हणून कलम २५ च्या पोटात सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवळं सर्व जातींना खुली करणारे कायदे करण्याचा अधिकार राज्याला दिला गेला. जन्मापासून मरणापर्यंत आपल्याकडे धर्मच सगळं व्यापून बसला आहे, त्याच्या मर्यादा आखल्या नाहीत तर कुठलीच सामाजिक सुधारणा करता येणार नाही, हे बाबासाहेबांनी सभेला बजावलं होतं.

हे सगळं मला पटतं. तरीही कामतांची ती डिसेंबरची दुरुस्ती पडायला नको होती. सुधारणेसाठी देवळाचं दार उघडणं वेगळं आणि राज्याने धर्मसंस्थेला आश्रय देणं वेगळं. ही रेघ आखता आली असती. ती आखली नाही म्हणून संविधानात नुसतं कलम २७ उरलं: एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी कर भरायची सक्ती कुणावर होणार नाही, एवढंच ते सांगतं. त्याच संविधानात त्रावणकोरच्या देवळांसाठीच्या देवस्वम निधीला दरवर्षी राज्याच्या तिजोरीतून ठरावीक रक्कम देण्याची तरतूद आहे. कलम २९०-अ मध्ये केरळचा आकडा साडेसेहेचाळीस लाख रुपये असा लिहिलेला आहे. संस्थान विलीन होताना दिलेला तो शब्द होता. पण ‘देणग्या देणार नाही’ असं कामतांचं कलम असतं तर हा शब्द देता आला नसता. १९७६ मध्ये, आणीबाणीत, ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द उद्देशिकेत आला. शब्द आला, रेघ तरीही आखली गेली नाही.

पंढरपूरचंच पाहा. १९७३ च्या कायद्याने बडवे आणि उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क गेले, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि २०१४ मध्ये निकाल लागला. साने गुरुजींच्या उपोषणाची ती खरी सांगता होती, आणि राज्य मध्ये पडल्याशिवाय ती झाली नसती. मात्र त्याच देवळात आषाढी एकादशीच्या पहाटे राज्याचे मुख्यमंत्री सपत्नीक शासकीय महापूजा करतात. ती भक्तिभावाने होत असेल, लाखो वारकऱ्यांना ती आवडत असेल. तरीही ही पूजा मुख्यमंत्री म्हणून करायची की विठ्ठलाचा भक्त म्हणून रांगेत उभं राहून, हा प्रश्न उरतोच. पूजेचा मान द्यायला माणसं कमी नाहीत. मुख्यमंत्र्यांच्या शेजारी दरवर्षी एक मानाचं वारकरी जोडपं उभं असतं, आणि ते दर्शनाच्या रांगेतूनच निवडलेलं असतं.